पहारीला घाबरणारा ड्रम

मी एक जुना पत्र्याचा ड्रम आहे. मित्रांनो, माझी कहाणी ऐकायची असेल तर तारेच्या कुंपणाबाहेरूनच ऐका. जवळ येऊ नका! गोड बोलून जवळ येणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. आणि ती दोन वेण्यांची मुलगी वाकून वाकून काय बघते आहे, तेही मला दिसतंय बरं का.

माझा जन्म मुंबईकडच्या एका कारखान्यात झाला. आधी मी नुसता सपाट पत्रा होतो. मला गोल वळवलं, कडा दुमडून शिवण घातली आणि वरून निळा रंग दिला. काय देखणा दिसत होतो म्हणून सांगू! मग माझ्या पोटात एंड्रिन नावाचं कीटकनाशक ओतलं आणि छातीवर विषाच्या खुणेची कवटी चिकटवली. एवढं देखणं रूप, आणि त्यावर कवटी! जगावरचा माझा विश्वास उडाला तो तेव्हापासून.

ट्रकमधून हादरे खात मी नगर जिल्ह्यातल्या एका शेतकी विद्यापीठात आलो. तिथे सगळं नवं होतं. नवी झाडं, नव्या इमारती, नवे साहेब. मला मात्र शेताच्या पार टोकाच्या गोदामात ठेवलं. लोक त्याला 'औषधाचं गोदाम' म्हणत. औषध म्हणे! ते खाऊन अळ्या टपाटप पडत होत्या.

गोदामावर जालिंदरसाहेब होते. तरणे, चष्मेवाले, कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालणारे. हसत नसत, कुणाला आत येऊ देत नसत. गोदामाच्या कोपऱ्यात एक पहार उभी असे. एखादा ड्रम रिकामा झाला की साहेब ती पहार उचलत आणि ठण्ण! त्याच्या बुडाला भोक. मग त्याला चेपून मागच्या सिमेंटच्या खड्ड्यात टाकत. माझे शेजारी एकेक करून असे गेले. ज्यांनी वर्षभर सेवा केली त्यांना हे बक्षीस? माझी खात्री पटली, हा माणूस वैरी आहे. माझ्या पोटातलं औषध कमी होऊ लागलं तशी मी त्या पहारीवरची नजर काढेना.

बहात्तर साली पावसाने पाठ फिरवली. विहिरींनी तळ दाखवला. सोनईकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुष्काळी काम निघालं आणि गावंच्या गावं खडी फोडायला बसली. त्यांना पाणी पाजायचं काम केशरबाईंकडे होतं. त्यांचा रांजण तडकला, म्हणून त्या गोदामाच्या दारात आल्या.

"साहेब, एक रिकामा डरम द्या की. लेकराबाळांचा दुवा लागंल."

"बाई, माणसं मरतील. नाही मिळायचा," जालिंदरसाहेब म्हणाले आणि दार लावून घेतलं.

केशरबाई फाटकाशी आल्या आणि पहारेकरी गहिनीनाथमामांजवळ फणकारल्या, "मरतील म्हनं! सोताच्या घरी न्हेत असंल गुपचूप."

मलाही तो माणूस वाईटच वाटत होता!

मी रिकामा झालो त्याच दिवशी साहेबांना मीटिंगसाठी पुण्याला जावं लागलं. कुलपाची किल्ली मामांकडे राहिली. मामा मनाचे मऊ. त्यांनी मला बाहेर काढलं, कवटी खरवडली, राखेने घासलं, चिंच लावली, पुन्हा घासलं. शेवटी शेवटी त्यांना गरगरलं, तसे ते कपाळ पुसत म्हणाले, "ऊन लई हाय आज." मला जरा शंका आली. पण पहार चुकली या आनंदात ती मी झटकून टाकली.

केशरबाईंनी माझ्यात डोकं घालून खोल हुंगलं.

"येतोय का वास?" मामांनी विचारलं.

"न्हाई बा. निस्ती चिंच."

झालं! वास गेला म्हणजे विष गेलं, असा दोघांनी निकाल दिला. माझ्या शिवणीच्या दुमडीत काय लपून बसलंय, हे कोण बघणार?

मला बैलगाडीतून कामावर नेलं. बाया गोळा झाल्या. कुणी माझ्यावर हात फिरवला, कुणी म्हणाली, "नवरदेवच आनला की केशरबाईनं!" एवढं कौतुक मला जन्मात मिळालं नव्हतं. टँकर आला, मी काठोकाठ भरलो. सकाळपासून कुणाच्या घशाखाली थेंब नव्हता. रांगेत सगळ्यांत पुढे केशरबाईंची लेक चांगुणा होती, पाच महिन्यांची गरोदर, ओठ सुकून पांढरे पडलेली. तिने ओंजळ पुढे केली.

"थांब गं," केशरबाई म्हणाल्या. नव्या भांड्यातलं पहिलं पाणी देवाला घालायची त्यांच्याकडची रीत. त्यांनी रस्त्याकडेच्या म्हसोबापुढे दुष्काळी कामावर खायला मिळणारी सुकडी चिमूटभर ठेवली आणि तांब्याभर पाणी ओतलं. सुकडीला मुंग्या लागल्याच होत्या.

केशरबाई थबकल्या. "पानी पांढुरकं का दिसतंय?"

"टँकरचं पानी हाय, काय निवळसंख दिसनार हाय?" मुकादम सूर्यभान ओरडला. "आटपा!"

पण केशरबाई खाली वाकल्या होत्या. मुंग्या जागच्या जागी वळवळत, आकसत होत्या.

"बुडाल्या असत्याल," मुकादम म्हणाला.

"बुडालेली मुंगी तरंगती, मुकादम. ह्या तडफडत्यात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, मी आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला, पण माझ्यावर कुणी अशी नजर रोखली नव्हती.

"आई, एक घोट दे गं," चांगुणा रडवेली झाली.

"म्हसोबाला चाललं न्हाई, ते माझ्या लेकीला चालंल व्हय?" असं म्हणून केशरबाईंनी मला खांदा लावला आणि भडाभडा आडवा केला!

अहो, त्या वर्षी लोक भांडं विसळलेलं पाणीही जपून ठेवत होते! बाया किंचाळल्या. "येडी झाली बया!" चांगुणा मटकन खाली बसली. मुकादम तर लालबुंद. "उद्यापास्नं कामावर दिसू नको!" केशरबाई ओल्या मातीत उभ्या. आपण बरोबर की चूक, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात रस्त्यावर धूळ उडाली. जालिंदरसाहेब सायकल हाणत येत होते, दांड्याला पहार बांधलेली. उतरले ते सायकल तशीच टाकून.

"कुणी प्यालं का? एक घोट तरी?"

"म्हसोबा प्याला, साहेब," केशरबाई म्हणाल्या.

साहेब खडीच्या ढिगावर बसकणच मारून बसले. चष्मा काढून डोळे पुसू लागले. पुण्याहून परतले तर मी जागेवर नव्हतो आणि मामांना उलट्या होत होत्या; त्यांना दवाखान्यात पोहोचवून साहेब तसेच इकडे धावले होते. (मामा वाचले. पण महिनाभर त्यांचे हात कापत होते.)

मुकादमाने पडलेली सायकल उचलून उभी केली. केशरबाई पुढे झाल्या. "द्या ती पहार."

ठण्ण!

इतके दिवस ज्या घावाला मी भ्यालो, तो एवढासा होता. आणि त्या भोकाने मला काय दिलं सांगू? आता माझ्यात कुणी, कधीच, पाणी भरू शकणार नव्हतं.

साहेबांनी हातमोजे घालून ती ओली माती खरवडली, पोत्यात भरली आणि माझ्याबरोबर परत नेली. संध्याकाळी विद्यापीठातून कामावर कोरे माठ आले, पाण्याने भरलेले. चांगुणा पहिला तांब्या घटाघटा प्याली म्हणे. त्याआधी केशरबाईंनी म्हसोबाला पाजून पाहिलंच असणार!

आता मी या सिमेंटच्या खड्ड्यात चेपून पडलो आहे. उद्या वर झाकण बसेल, म्हणून आजच सांगून टाकतो. मित्रांनो, विषाचं भांडं कितीही देखणं दिसो, कुणी कितीही घासून देवो, वास येवो न येवो, त्यावर भरवसा ठेवू नका. आधी त्याचं बूड बघा. तिथे भोक नसेल तर तुम्ही पाडा, नाहीतर पाडणाऱ्याला बोलावून आणा. आणि पहार घेऊन कुणी रागीट माणूस आला, तर निदान त्याला वाईट समजू नका.

काय गं, दोन वेण्यांवाली? बोलता बोलता कुंपणाच्या आत पाय टाकलास की नाही? हो मागे!