मशीन गप्प झालं त्या रविवारी

या हो, जवळ सरका. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे या. आजचं आख्यान मोठ्या आवाजात सांगवत नाही. यात राजा नाही, राक्षस नाही. सगळी आपल्यासारखी भली माणसं आहेत, आणि तरी एका घराने दुसऱ्या घराच्या तोंडचा घास हसत हसत काढून घेतला. देवही इथेच बसून ऐकतोय असं समजा.

परदेशातल्या विद्यापीठात एक मुलगा शिकत होता. कपडे धुण्याच्या दुकानावरची खोली, अंगात दोन स्वेटर, पुढ्यात चिरलेले कांदे. खोलीतला जोडीदार भाडं, वीज, किराणा सगळं बघायचा, म्हणून त्याला म्हणायचे खजिनदार. दुकान बंद व्हायच्या सुमारास निम्म्या किमतीत पाव आणावा, एकाच पातेल्यात आठवड्याचं शिजवावं, बसऐवजी पायी जावं, हे शहाणपण त्याचं.

"हीटर लावू का रे?" मुलाने विचारलं.

"लाव की. उद्यापासून हीटरच जेवू."

मुलगा हसला. हात पुसून त्याने नवा कोट चढवला आणि विद्यापीठाच्या बैठकीच्या दालनात गेला. तिथे पुस्तकांची कपाटं होती, पितळी दिवा होता. दर रविवारी त्या कोपऱ्यातून तो व्हिडिओ कॉल करी, आणि पलीकडच्यांना वाटे की ही त्याचीच खोली.

ही युक्ती आईची. आई शाळेत शिक्षिका. "कँटीनमध्ये भांडी घासतोस हे त्यांच्या कानावर जायला नको," तिने बजावलं होतं. "जावयाचा काय मान राहील?"

'त्यांच्या' म्हणजे ठरलेल्या सासरच्या. लग्न ठरलं त्या बैठकीत हुंडा हा शब्द कुणी काढला नव्हता. छे, शिकलेली माणसं! एवढंच ठरलं की फी मुलाचं घर भरेल आणि तिथलं राहणं-खाणं मुलीचे वडील 'बघतील'. मुलीचे वडील टेलर. बापलेक शेजारी शेजारी दोन मशीनवर बसून शाळेचे गणवेश शिवत. त्यांनी मान डोलावली. पुढे खोलीचं भाडं वाढलं असं शिक्षिकेने कळवलं, तेव्हाही त्यांनी मान डोलावली.

पडद्यावर एका चौकटीत बापलेक आले, दुसरीत आई.

"नमस्कार, काका."

"नमस्कार, जावईबापू! अरे वा, नवा कोट? उभे राहा बघू. वळा. खांद्यात ओढतोय हो. मी शिवला असता तर खांदा असा मऊ बसवला असता, पण आता..."

वाक्य तिथेच राहिलं. आणि मुलाला एकदम ती शांतता ऐकू आली. एरवी या कॉलमध्ये मशीनची इतकी खडखड असे, की मुलगी ओरडून म्हणे, "बाबा, थांबवा जरा!"

"आज मशीन बंद?"

"तेल घालायला दिलंय," टेलरकाका घाईने म्हणाले.

"बाबा, आत्ताच देवापुढे दिवा लावलात ना? मग खोटं कशाला?" मुलगी म्हणाली. "विकली मशीनं. आधी बाबांचं, आता माझं. तुमच्या खोलीचं भाडं वाढलं ना. छान आहे म्हणा खोली."

नेमकी तेव्हाच एक अनोळखी विद्यार्थिनी आली, समोरची खुर्ची हवी का असं विचारून ती उचलून घेऊन गेली. पाठोपाठ आणखी दोघे येऊन दिव्याखाली बसले. बापलेक बघत राहिले.

"त्याच्याकडे अभ्यासाला येतात मुलं," आई सावरत म्हणाली. "हुशार आहे ना!"

"आई, पुरे." मुलाचे कान तापले होते. "ही खोली माझी नाही. माझ्या खोलीत दोन खाटा आणि एक पातेलं आहे. मी कँटीनमध्ये भांडी घासतो."

"भांडी?" टेलरकाका हळहळले. "आम्हाला सांगायचं हो, आणखी काही..."

"थांबा, बाबा." मुलगी पुढे सरकली. "मग हा कोट?"

"त्याच कमाईचा."

"म्हणजे कमाई होती. पोट भरण्याइतकी?"

"काटकसरीने... हो."

"आणि आमच्याकडून येतंय ते कुठून येतं, हे कधी विचारलंत?"

मुलाने गळ्याजवळचं बटण सोडलं. कोट अंगाला टोचू लागला.

"जाऊ दे गं," बाप म्हणाला. "होणारा नवरा आहे तुझा."

"होणारा होता, बाबा."

"असं तोडून बोलू नये, बाळ," शिक्षिका म्हणाली. "सगळीकडे असंच चालतं."

"चालतं ना. तुमच्याच शाळेचे गणवेश मी सध्या हाताने शिवतेय, बाई. उद्या एखादी शिवण उलटून बघा."

आईची चौकट काळी झाली.

"काका, मशीनं मी घेऊन देतो," मुलगा कसाबसा म्हणाला. "लग्न होवो, न होवो."

"घेऊन देऊ नका," उत्तर मुलीने दिलं. "आमची आहेत, परत करा."

मुलाने कोट काढला आणि दोन स्वेटरांवर कँटीनकडे चालू लागला. त्याची पाळी नव्हती. तरी त्याने तिथे जाऊन जादा काम मागितलं, आणि पुढच्या महिन्यापासून टेलरच्या घरून एक पैसाही घेतला नाही.

इकडे सोमवारी शाळेत प्रार्थना चालू होती. पहिल्या रांगेतल्या एका विद्यार्थिनीच्या गणवेशाची दुमड थोडी सुटली होती. शिक्षिका सवयीने वाकली, कापड उलटलं. बारीक, एकसारखे, हाताचे टाके. एके ठिकाणी सुई बोटात गेल्याचा तपकिरी ठिपका. सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले होते. देवाकडे बघायचं धाडस न झाल्याने तीही डोळे मिटूनच उभी राहिली. प्रार्थना संपली, मुलं वर्गात गेली, तरी तिने ते उघडले नाहीत.

तर मायबापहो, उद्या तुमच्या घरचा कुणी परदेशी शिकायला निघेल. त्याला पोटाशी धरा, आशीर्वाद द्या. फक्त त्याचा तिथला घास कुणाच्या घरातून निघतोय, तेवढं विचारा. आणि खिडकीपाशी उजेड धरून बसलेली ती मुलगी आठवा. बापाला आता जवळचं दिसत नाही, त्याच्या सुईत दोराही तीच ओवून देते. तिला विसरू नका.