दाभण

भिवराबाईनं गोवरीचा तुकडा मोडून विस्तवात सारला आणि फुंकर घातली. राख उडून डोळ्यांत गेली. डोळे तसेच मिचकावत तिनं दाभणाचं टोक निखाऱ्यात आणखी खोल खुपसलं. पोती शिवायचं वीतभर दाभण होतं. मुठीकडच्या बाजूला चिंधी गुंडाळलेली; इतक्या वर्षांच्या घामानं ती काळी, चामड्यासारखी झालेली.

"शनवार हाय. दिवस कलायच्या आत उरकायचं," ती म्हणाली.

शेजारच्या दावणीची वत्सलाबाई समोर उकिडवी बसून वाटीत तेल-हळद कालवत होती. तिच्यामागं पलीकडच्या ओळीतली साखराबाई येऊन टेकली होती. तिच्या मांडीवर नात होती, पाच-सहा महिन्यांची. पोट फुगून पोरगी दोन दिवस किरकिर करत होती.

"भिवरामावशी, तुमच्या नातवाचं झालं की हिचंबी बघा," साखराबाई म्हणाली. "इस्तो पेटलेलाच हाय."

"बस गप. माझ्या हाताला काय गिरणीचा पट्टा हाय का, एकामागं एक दळायला?"

साखराबाई हसली. भिवराबाईच्या तोंडाचं कुणी वाईट वाटून घेत नसे. दूध सोसायटीनं नेकनूरच्या अलीकडं माळावर ही छावणी उभी केली, त्याला तीन महिने झाले होते. पाचशे जनावरं, त्यांच्या दावणी, दावणीमागं पालं, आणि पालांत ज्याची त्याची माणसं. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. टँकर दिवसाआड यायचा, आणि काल यायचा तो आलाच नव्हता. दरसाल ज्या उसामागं अर्धा जिल्हा कोयता घेऊन परमुलखात जायचा, तोच ऊस यंदा ट्रकनं इकडं येऊन बैलांच्या पुढ्यात पडत होता. बैलही आता त्याला कंटाळले होते. माणसं तर केव्हाचीच कंटाळली होती. पण बोलून दाखवायचाही कंटाळा आला होता.

भिवराबाईचा मुलगा मुंजाजी आणि सून अंजना आठ दिवसांपूर्वी कारखान्यावरून परतले. ऊस चाऱ्याकडं वळला म्हटल्यावर तिकडचा हंगाम लवकर संपला. येताना त्यांनी अकरा महिन्यांचं पोरगं आणलं. गेलं तेव्हा ते अंगावर पिणारं गाठोडं होतं. आलं ते रांगत, दोन दात दाखवत. त्याचं नाव आजोबांचं, शहादेव. नवऱ्याचं नाव भिवराबाईनं त्याच्या मागंही कधी तोंडानं घेतलं नव्हतं, त्यामुळं नातवाला ती 'मालक' म्हणायची. "मालक, त्वांड उघडा." "मालक, पुन्ना मुतलात व्हय?" सगळी ओळ हसायची.

पण पहिल्याच दुपारी मालकांनी एक वेगळंच काढलं. झोप यायला लागली तसं ते हातागुडघ्यांवर झालं आणि पुढं-मागं, पुढं-मागं डुलायला लागलं. डुलून डुलून कुशीवर पडलं, मग उताणं झालं आणि मान डावी-उजवी घुसळायला लागलं. घशातून बारीक "ऊं... ऊं..." चाललेलं. डोळे अर्धे उघडे. डोक्यामागचे केस घासून घासून झडले होते. घटकाभरानं आपोआप झोपलं.

"मालक घोड्यावर बसल्यात," भिवराबाई हसून म्हणाली होती.

वत्सलाबाई हसली नव्हती. ती हळूच म्हणाली, "फेफरं तर न्हाई ना व?"

तो शब्द भिवराबाईच्या कानात कुसळासारखा अडकला. त्यानंतर ती रोज बघत होती. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा, कधी पहाटे. पालासमोरून जाणाऱ्या बायका थबकून बघायच्या, आणि आपल्या लेकरांना कडेवर घेऊन पुढं जायच्या. तेच तिला सोसत नव्हतं.

गुरुवारी अंजना कुणाला न विचारता बसनं नेकनूरच्या दवाखान्यात जाऊन आली.

"डॉक्टरीणबाईनं त्याला झोप येऊस्तर बसवून घेतलं," ती सांगत होती. "सगळं बघितलं. म्हणल्या, काही लेकरं झोपताना अशीच डुलत्यात. त्यास्नी त्याच्यातच झोप लागती. एरवी हसतंय, खेळतंय, हाक मारली की बघतंय, मग भ्यायचं न्हाई. मोठं झालं की जातंय."

"गोळी दिली का?"

"न्हाई."

"सुई?"

"न्हाई, आत्या."

"मंग बसमधी हाडं खिळखिळी करून कावून आलीस? नुसतं बघायला आमाला डोळं न्हाईत व्हय?"

अंजना बोलायचीच कमी. उसाच्या फडात दरसाल सहा महिने वाकून वाकून तिच्या पाठीत एक वाक आला होता, तो तिच्या बोलण्यातही होता.

आता ती सोसायटीच्या रांगेतून उसाचा भारा डोक्यावर घेऊन आली. भारा गव्हाणीत टाकला. विस्तव पाहिला, वाटी पाहिली. चुंबळ हातातच राहिली.

"आत्या, दाभण कशाला?"

"तुझं त्वांड शिवायला. उरलं तर मालकाच्या पोटाला दोन डाग."

वत्सलाबाई वाटीत बघून हसली. अंजना हसली नाही.

"त्यास्नी इचारलं का?"

"कुणाला, मुंजाला? त्याला काय इचारायचं? त्याच्याच तर पोटावर हाय माझं काम." भिवराबाई साखराबाईकडं वळली. ही गोष्ट तिनं किती वेळा सांगितली असेल, याची गणती नव्हती. सांगताना तिचा थकलेला आवाज आपोआप उभा राहायचा. "मुंजा ह्येच करायचा. दीड वर्साचा व्हता. डोळं मिटायला लागला की मान घुसळायचा, भितीला टकरा घ्यायचा. ठक, ठक, ठक. आख्खं घर जागं. माझ्या सासूनं दाभण लाल केलं अन् माझ्या हातात दिलं. म्हणली, आईच्या हातानं दिलेला डाग लागू पडतोय. मी दिला. बेंबीच्या अल्याड एक, पल्याड एक. हात कापला न्हाई माझा. अन् तिसऱ्या दिवशी बंद! पुन्ना कधी न्हाई."

"तवापासनं मावशीच्या हाताला गुण," वत्सलाबाई म्हणाली.

खरंच होतं ते. मुंजाजीचा गुण ऐकून बायका यायला लागल्या. पोट धरलेलं, दूध टाकणारं, डोळे फिरवणारं, कसलंही लेकरू घेऊन. शाळेचं तोंड भिवराबाईनं दोन वर्षं पाहिलं, तेवढंच. पण चार गावांतली माणसं तिला घर विचारत यायची. चांगली शिकलेलीही. दुष्काळानं बाकी सगळं नेलं. हे एक उरलं होतं.

"आण जा त्याला," ती अंजनाला म्हणाली. "पाय तू धर. हात वत्सला धरंल."

अंजना जागची हलली नाही. चुंबळीचं कापड उलगडत, पुन्हा गुंडाळत म्हणाली, "मी न्हाई आणायची. तुमीच आणा उचलून. आत हाय, त्यांच्याजवळ निजलाय."

सुनेनं तोंडावर नाही म्हणण्याची ही पहिली वेळ. दोघी बायका बघत होत्या. भिवराबाईनं गुडघ्यावर हात दाबला आणि उठली. उठताना दोन्ही गुडघे वाजले.

"दाभणाकडं ध्यान ठिव," ती वत्सलाबाईला म्हणाली आणि पालाच्या तोंडाचं बारदान बाजूला केलं.

आत ताडपत्रीखाली निळसर उजेड होता. उन्हाचा आणि उसाच्या आंबट रसाचा वास कोंडला होता. मुंजाजी पहाटेपासून ट्रकमधला ऊस उतरवून दहाला येऊन आडवा झाला होता. त्याच्या काखेशी पोरगं. पोराची झोप चाळवली असावी. ते मान घुसळत होतं. डावीकडं, उजवीकडं.

भिवराबाई त्याला उचलायला वाकली आणि तशीच थांबली.

मुंजाजीची मानही हलत होती. उशाच्या घडीवर, डावीकडं, उजवीकडं, सावकाश. तोंड किंचित उघडं. घशातून बारीक आवाज येत होता. चौतीस वर्षांचा बाप्या, कानाजवळ केस पिकायला लागलेला. दोन माना एकाच चालीवर चालल्या होत्या.

मागून अंजना आत आली. ती सासूकडं न बघता खाली बसली आणि नवऱ्याच्या कपाळावर तळवा ठेवला. तिची नजर दुसरीकडंच होती. चुलीवरचं भांडं न बघता उतरवावं, तसा तो हात गेला. मुंजाजीची मान थांबली. मग तोच हात तिनं पोराच्या कपाळावर ठेवला.

"कवापासनं?" भिवराबाईचा आवाज खाली आला होता.

"लगीन झाल्यापासनं बघते मी. लई थकले की व्हतं. फडात तर रोजच." तिनं पोराच्या अंगावरचं फडकं सारखं केलं. "मला वाटलं, तुमाला ठावं आसंल."

भिवराबाईची नजर खाली गेली.

मुंजाजीचा सदरा वर सरकला होता. बेंबीच्या अल्याड एक, पल्याड एक. तिनं ते डाग इतक्या वर्षांत जवळून पाहिले नव्हते. दाभणाच्या टोकानं दिलेले, ज्वारीच्या दाण्याएवढे तिला आठवत होते. आता एकेक चिंचोक्याएवढा होता, चकचकीत, कडेनं सुरकुतलेला. पोराबरोबर तेही वाढले होते.

गोष्ट ती नेहमी 'तिसऱ्या दिवशी बंद'पाशी आणून थांबवायची. त्यापुढचं सांगण्यासारखं काही नव्हतं. डाग दिल्यावर पोरगं तिच्या अंथरुणात आलं नाही, एवढंच. जवळ घ्यायला गेलं की ताठ व्हायचं. मग सासरा त्याला आपल्या घोंगडीत घेऊन गोठ्यात झोपायला लागला. तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. पाठचं पोटात होतं, रात्रीची झोप तरी मिळत होती. पोरगं सात-आठ वर्षांचं होईस्तोवर गोठ्यातच झोपलं. म्हातारा मरेस्तोवर त्या झोपेबद्दल एका शब्दानं बोलला नाही. आणि गोठ्याची भिंत कुडाची होती. तिच्यावर डोकं आपटलं तरी घरात ऐकू येण्यासारखं नव्हतं.

"मावशे!" बाहेरून वत्सलाबाईची हाक आली. "दाभण लालबुंद झालंय व!"

मुंजाजी दचकून कुशीवर वळला. भिवराबाईनं पदर डोक्यावर सारखा केला आणि बाहेर आली. हात रिकामे होते.

"लेकरू?"

"निजलंय."

"मंग उठवायचं की. दिवस कलंल."

भिवराबाई विस्तवापुढं बसली. चिंधीला धरून तिनं दाभण बाहेर ओढलं. टोक उन्हातही लाल दिसत होतं. तिच्याशेजारी पितळी तांब्या होता, टँकर येईपर्यंतचं तिचं पिण्याचं पाणी. तिनं दाभण त्यात बुडवलं. चर्र झालं. राखेचा तवंग पाण्यावर पसरला.

"आगं मावशे, पेयाचं पाणी!" वत्सलाबाई ओरडली.

"माझंच व्हतं ना? तुझ्या घागरीतलं तर न्हाई घेतलं?" भिवराबाईनं तांब्यातलं उरलेलं पाणी विस्तवावर ओतलं. वाफ आणि राख दोन्ही वर आली. "हे गव्हाणीम्होरचं बारदान फाटून आठ दिस झालं. समदी पेंड सांडायलीय. कुणाला दिसत न्हाई. समद्यांला माझ्या दाभणाचीच पडलीय."

साखराबाईनं मांडीवरच्या नातीला खांद्याशी घेतलं. "अन् हिचं कसं व मावशी?"

भिवराबाईनं पोरीकडं पाहिलं. पोट तट्ट फुगलेलं, बेंबी वर आलेली. तिनं नेहमीसारखा हात त्या पोटावर ठेवला, चाचपलं आणि काढून घेतला.

"दोनची बस गेली का?"

"न्हाई अजून."

"मंग हितं बसून काय माझं थोबाड बघायलीस? नेकनूरला ने. ती डॉक्टरीणबाई हाय. ती बघती."

"नुसतं बघती?"

"नुसतं बघाया बी आक्कल लागती," भिवराबाई म्हणाली. "ऊठ. ऊठ म्हणते ना."

साखराबाई गेली. वत्सलाबाई तेल-हळदीची वाटी हातात घेऊन थोडा वेळ थांबली, मग तीही आपल्या दावणीकडं निघाली. जाताना दोनदा मागं वळून पाहिलं. संध्याकाळपर्यंत छावणीच्या साऱ्या ओळींत काय बोललं जाईल, ते भिवराबाईला ठाऊक होतं. तिनं दाभणाची चिंधी सोडली आणि बारदान मांडीवर ओढलं. सुतळी नेढ्यात जाईना. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा थुंकी लावून ओवली.

दिवस कलला तेव्हा मुंजाजी डोळे चोळत बाहेर आला. पोरगं त्याच्या कडेवर होतं. त्यानं विझलेला विस्तव पाहिला. मग आईच्या हातातलं दाभण पाहिलं. त्याचा रिकामा हात आपोआप खाली गेला आणि त्यानं सदरा पोटावर ओढून घेतला. पोराला त्यानं या कडेवरून त्या कडेवर घेतलं, आईपासून लांबच्या बाजूला.

भिवराबाईनं सगळं पाहिलं. टाका घातला. सुतळी ओढली.

"बारदान शिवायलेय रे," ती म्हणाली.

तो उभाच होता. बैलांच्या शेपट्या माश्या हाकत होत्या. पोरानं दाभणाकडं बोट केलं आणि ते काहीतरी बोललं.

"निवलंय का?" मुंजाजीनं विचारलं.

"निवलंय." तिनं मान वर केली नाही. "हात लावून बघ."

त्यानं हात लावला नाही. पण पोराला घेऊन तो खाली बसला, आणि बारदानाचं दुसरं टोक तिला शिवता यावं म्हणून ताणून धरलं.