खांबाच्या पोटातले पाणी

मित्रांनो, मी एक जुना बिडाचा खांब आहे. खरे सांगायचे तर खांबाचा उरलेला पाय आहे. फुटबॉलच्या मैदानात शिरताना मोठ्या फाटकाच्या डाव्या हाताला, दगडी चौथऱ्यावर गुडघ्याएवढ्या उंचीचा जो हिरवा तुकडा बसवला आहे, तो मी. येता-जाता तुम्ही माझ्यावर हात फिरवता. ते मला आवडते. पण अलीकडे त्या स्पर्शाची धास्तीही वाटते. का, ते सांगायचे आहे. नीट सांगता येईल की नाही, शंका आहे. जन्मभर मी नुसता उभा राहिलो. बोलण्याचा सराव नाही.

माझा जन्म ओतशाळेतला. ओल्या वाळूच्या साच्यात वितळलेले बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतले आणि मी झालो. साचा फोडल्यावर म्हाताऱ्या ओताऱ्याने हातोडीने माझ्या कमरेवर एक टक मारली, कान जवळ आणला आणि म्हणाला, "खणखणीत वाजतोय. जाऊ दे ह्याला." माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक.

मी पोकळ होतो आणि मुद्दाम पोकळ होतो. मला कामे दोन होती. एक, डोक्यावर छप्पर पेलायचे. दुसरे, त्या छपरावरचे पावसाचे पाणी पोटात घेऊन पायापर्यंत पोचवायचे. माझ्या पायाशी, वीतभर उंचीवर, एक गोल भोक ठेवले होते. वरून आलेले पाणी तिथून बाहेरच्या चरात पडायचे. मित्रांनो, हे भोक लक्षात ठेवा. बाकीचे विसरलात तरी चालेल.

मला आणि माझ्या काही भावांना मैदानाच्या पश्चिमेच्या स्टँडमध्ये, पायऱ्यांच्या मध्यावर ओळीने उभे केले, बाकीच्या भावांना समोर पूर्वेच्या स्टँडमध्ये. आमच्या डोक्यांवर बिडाचीच पाने कोरलेली होती. छपराच्या कडेला लाकडी झालर होती, मधोमध त्रिकोणी माथ्यावर घड्याळ होते आणि बसायला पायऱ्यापायऱ्यांच्या लाकडी फळ्या, ज्यांच्या तुळया आमच्याच अंगाला जोडलेल्या. या फळ्यांवर हजारो पाय एकदम आपटले की जो आवाज व्हायचा, त्याला लोक 'गडगडाट' म्हणत. सामना संपत आला आणि गोल हवा असला की वरच्या रांगेतला झेंडेवाला मोठा हिरवा झेंडा उंच धरून हलवायचा, आणि गडगडाट सुरू व्हायचा. झेंड्याआधी कुणी पाय आपटायचा नाही आणि सामना जिंकल्यावर झेंड्याच्या मागोमाग सगळ्यांनी खाली उतरून मैदानाला फेरी घालायची, असा तिथला रिवाज होता.

माझ्या बरोबर मागे एक जागा होती. तिथून गोलपोस्ट दिसत नसे, मध्ये मी येत असे. पण ती जागा एका शिंप्याने कधी सोडली नाही. त्याला सगळे मास्तर म्हणत. त्याच्या वडिलांची ती जागा. चेंडू उजवीकडे गेला की मास्तर डावीकडे झुकायचे. पुढे त्यांची मुलगी शेजारी बसू लागली, ती उजवीकडे झुकायची. दोघांची डोकी एकमेकांवर आपटायची.

"बाबा, आपण दुसरीकडे बसू या ना."

"आणि खांबाला एकटं सोडायचं?"

हे ऐकून मला जे वाटायचे ते सांगण्याइतके शब्द माझ्याकडे नाहीत.

आता त्या भोकाकडे येतो. मास्तर तरुण होते तेव्हाची गोष्ट. संघ खालच्या वर्गात ढकलला जाण्याच्या बेतात होता. शेवटचा सामना, शेवटचा काही वेळ. मास्तरांनी हातातल्या तिकिटाची चोळून चोळून सुरळी केली होती. काही सुचेना म्हणून त्यांनी ती सुरळी माझ्या पायाशी असलेल्या भोकात खुपसली. आणि गोल झाला.

पुढच्या सामन्याला मास्तरांची अख्खी रांग तिकिटे घेऊन माझ्या भोकाशी वाकली. त्यापुढच्या सामन्याला खालच्या रांगाही. मग माझ्या भावांच्या भोकांतही तिकिटे जाऊ लागली. काही हंगामांतच ती रीत होऊन बसली. लोक फाटकाशी भेटले की एकमेकांना विचारत, "खांबाचं पोट भरलं का?" ते भरल्याशिवाय सामना सुरू झाला असे कुणी मानतच नसे.

हंगाम सुरू होण्याआधी रंगाचा दिवस असे. लोक बायकामुलांना घेऊन, ब्रश आणि डबे घेऊन येत आणि आम्हाला हिरवा रंग देत. जुना रंग खरवडायला कुणाला सवड नसे. रंगावर रंग चढे. कुठे चीर दिसली तर तिच्यात पुट्टी भरून वर दोन हात जास्त मारत. भोकावरही रंग बसे, मग कुणीतरी किल्लीने तो फोडून तिकीट आत ढकले. सगळे प्रेमाने चालले होते. त्यात कुणाचा वाईट हेतू असता तर सांगणे सोपे गेले असते.

पण पाऊस थांबत नाही, मित्रांनो. छपरावरून तो माझ्या डोक्यात शिरे, पोटातून खाली येई आणि कागदाच्या लगद्यावर येऊन थांबे. आधी थेंबथेंब पाझरत होता. मग तेही बंद झाले. पाणी माझ्यात उभे राहू लागले. माझ्या तळाशी आतून पापुद्रे सुटू लागले. बाहेरून मी हिरवागार, तुकतुकीत. "खांब बघ कसा, कालच आणल्यासारखा," असे लोक म्हणत, आणि माझ्या पोटात पाणी वर वर चढत असे.

दरम्यान एकेक गोष्ट जात होती. लाकडी झालर कुजली म्हणून काढली. घड्याळ दुरुस्तीला नेले, ते परत आले नाही. मग नवे मालक आले आणि त्यांनी जाहीर केले की पश्चिमेचा जुना स्टँड पाडून तिथे सिमेंटचा बांधायचा.

लोक पेटून उठले. पुढारी मास्तर. झेंडा आता त्यांच्याकडेच होता, त्यांनी स्वतः शिवलेला. "आमच्या बापजाद्यांची जागा आहे ही. इथली एक फळी हलवून दाखवा," ते म्हणाले.

मालकांनी तपासणीला एक इंजिनिअर पाठवला. किडकिडीत, जाड चष्म्याचा, बोलताना अडखळणारा माणूस. तो माझ्याजवळ आला, खिशातून छोटी हातोडी काढली आणि कमरेवर टक मारली. पुन्हा मारली. मग पायाशी वाकून मारली.

"हा... हा बद्द वाजतोय," तो म्हणाला. "आत काहीतरी साचलंय. पायाशी उघडून बघावं लागेल."

मास्तरांच्या शेजारी एक धिप्पाड माणूस उभा होता. त्याच्या आवाजामुळे त्याला सगळे भोंग्या म्हणत. "साहेब, हातोडी मालकांची, म्हटल्यावर आवाज मालकांचाच निघणार," तो म्हणाला. सगळे हसले.

"मी पाडा म्हणत नाहीये. उघडा म्हणतोय."

"आज उघडाल, उद्या पाडाल," मास्तर म्हणाले. "खांबाला हात लावायचा नाही."

इंजिनिअरने हातोडी रुमालात गुंडाळली, चष्मा पुसला आणि तो निघून गेला. मला ओरडावेसे वाटले. पण ओरडणे माझ्या घडणीतच नव्हते.

लोक जिंकले. मालकांनी माघार घेतली. नव्या हंगामाचा पहिला सामना ठरला आणि त्याआधीचा सबंध आठवडा पाऊस पडत राहिला.

त्या दुपारी स्टँड असा भरला की बसायला जागा नव्हती, पायऱ्यांवरही माणसे उभी. प्रत्येक माणूस वर चढला की तो मला कळत होता. माझ्या पायाशी रंगाला एक फोड आला होता. कुणीतरी तो अंगठ्याने दाबला. तपकिरी पाणी ओघळले.

"खांबाला घाम फुटलाय बघ," भोंग्या म्हणाला. "आपल्यापेक्षा त्यालाच टेन्शन."

एका बाईने पदराने ते पाणी मायेने पुसले.

मास्तर माझ्यामागे बसले, झेंडा मांडीवर. मुलगी शेजारी. ती आता मोठी होती, इस्पितळात नर्स होती. सामना बरोबरीत चालला होता. उजवीकडे झुकताना तिने आधारासाठी माझ्यावर हात टेकला आणि तिथेच ठेवला. मग एक हात माझ्यावर सपाट धरून त्याच्या बोटावर दुसऱ्या हाताच्या बोटाने टकटक केले. थोडे खाली सरकवले. पुन्हा टकटक.

"बाबा, हा भरलाय."

"भरलाय तर. आम्हीच भरलाय."

"पाण्यानं भरलाय, बाबा. पोटात पाणी झालेला पेशंट येतो ना आमच्याकडे, त्याचं पोट असंच वाजतं. तो चष्मेवाला खोटं नव्हता बोलत."

"गप. सामना बघ."

ती गप्प बसली नाही. तिने छत्रीची एक काडी मोडून काढली आणि त्यांच्या हातात दिली. "मी चुकत असेन तर नुसती तिकिटं निघतील."

मास्तर वाकले. काडीने भोकावरचा रंग फोडला. आधी काळा लगदा आला, मग पाण्याची धार. ती थांबेना. तिच्याबरोबर गंजाचे तुकडे येऊ लागले. तळहाताएवढा एक पापुद्रा त्यांच्या बुटाशी येऊन पडला. तो त्यांनी उचलला, आणि वाळक्या पानासारखा तो बोटांतच चुरला. मास्तरांनी वर, छपराकडे पाहिले. मग रांगांकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला.

त्याच वेळी आपल्या संघाला कॉर्नर मिळाला. थोडाच वेळ उरला होता. सगळा स्टँड उठून मागे वळला. "मास्तर, झेंडा!"

मास्तरांना ठाऊक होते, झेंडा हलला तर गडगडाट होणार. आणि झेंडा खाली गेला तर चष्मेवाला खरा ठरणार, पश्चिमेचा स्टँड कायमचा जाणार, तोही त्यांच्याच हाताने.

"खाली उतरा," ते म्हणाले. "हळू. सगळे खाली उतरा."

कुणाला काही कळेना. भोंग्याने वाकून पाणी पाहिले, पण त्याला फक्त बाहेर पडलेली तिकिटे दिसली. "पोट रिकामं केलंत? आत्ता? मास्तर, कुणाच्या बाजूचे आहात तुम्ही?"

"इथं जे जे उभे आहेत त्यांच्या."

"लोक नाही ऐकणार तुमचं."

"माझं नको ऐकू देत," मास्तर म्हणाले आणि त्यांनी झेंडा खांद्यावर टाकला. तो उंच केला नाही, हलवला नाही. नुसते पायऱ्या उतरू लागले.

"अजून सामना संपला नाही," कुणीतरी म्हणाले.

"झेंडा चाललाय ना. चला."

आणि ते उतरले. कुरकुरत, शिव्या देत, मागे वळून पाहत, पण उतरले. एकेका माणसाचे वजन माझ्यावरून जात होते. मुलगी माझ्यावर हात ठेवून, सगळे जाईपर्यंत उभी होती.

शेवटी भोंग्या राहिला. हाताची घडी घालून रिकाम्या रांगेत एकटाच बसला होता. "मी नाही उठणार," तो म्हणाला, आणि रागाने त्याने फळीवर एकच पाय आपटला.

टक.

माझ्या तळातून आवाज आला. ओताऱ्याच्या हातोडीसारखा, पण आतून आलेला. भोंग्याने तो ऐकला. त्याने बूट काढले, हातात घेतले आणि मांजराच्या पावलांनी खाली गेला. मग मुलगी गेली.

ती मैदानाच्या रेषेपर्यंत पोचली आणि मी सुटलो. माझ्यामागोमाग छप्पर, आणि छपरामागोमाग भाऊ. कुणाला खरचटलेसुद्धा नाही. धूळ खाली बसली तेव्हा हजारो माणसे गवतावर उभी होती.

गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला त्रास दिला नसता.

आता पश्चिमेला सिमेंटचा स्टँड आहे. माझा पाय आठवण म्हणून इथे बसवला. पण लोक काय म्हणतात ते मी रोज ऐकतो. 'मास्तरांनी पोट रिकामं केलं, म्हणून खांब पडला.' भोंग्या ज्याला त्याला सांगतो की तसे नव्हते, त्याने तो आवाज ऐकला आहे. पण इतका मोठा आवाज असूनही त्याचे कुणी मनावर घेत नाही. मास्तर दिसले की काहीजण तोंड फिरवतात.

आणि मित्रांनो, पूर्वेला जुना स्टँड अजून उभा आहे. माझेच भाऊ, त्याच ओतशाळेतले. शेवटचा जुना स्टँड म्हणून लोक त्याच्यावर जीव टाकतात. त्यांची पोटे आता जास्तच ठासून भरली जातात. इंजिनिअर पुन्हा येऊन गेला. लोकांनी त्याला हात लावू दिला नाही आणि मालक म्हणाले, पुढच्या हंगामात बघू. सामन्याच्या सकाळी मास्तर आणि त्यांची मुलगी छत्रीची काडी घेऊन एकेक भोक मोकळे करतात. दुपारपर्यंत ती पुन्हा भरतात. कोपऱ्यातल्या खांबाचे भोक तर रंगाच्या थराखाली कुठे गेले, ते मास्तरांच्या अधू डोळ्यांना सापडतच नाही.

म्हणून एवढेच मागणे आहे. माझ्यावर हात फिरवू नका. माझे पडून झाले आहे. तुम्ही पूर्वेला जा, कोपऱ्यातल्या खांबावर बोटाने टकटक करा आणि कान लावा. ज्याच्यावर जीव आहे त्याला रंग देण्याआधी तो कसा वाजतो ते ऐका. माझ्या बाबतीत तसे झाले नाही. तेव्हा ऐकणारे होते, पण त्यांना हसणारे जास्त होते.

आज सामना आहे. सकाळीच कुणीतरी माझ्याही फुटक्या पोटात एक तिकीट खुपसून गेले. पूर्वेकडे आभाळ काळे झाले आहे, आणि फाटक उघडते आहे.