उलट्या बाजूचे टाके

बैठकीत बशीतला चहा निवत होता आणि मी पाहुण्या झुंबरबाईंच्या हातात पालथा पडलो होतो.

मित्रांनो, मी एक जुना, भरतकामाचा रुमाल आहे. पाहुण्यांपुढे पोह्यांचे ताट नेताना वर झाकतात तसा. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षे झाली होती, तेव्हा मोताळ्याजवळच्या एका शेतकरी घरात मी जन्मलो. मला घडवले पंचफुलाने. सासरचे दार बंद झाल्यावर ती भावाकडे परतली होती. कपाशी वेचून आल्यावर, दिवस कलण्याआधीच्या उरल्यासुरल्या उजेडात, ती मॅटीच्या चौकटी विणीच्या कापडाची घरे मोजत बसे. आठवडी बाजारातल्या निळ्या-हिरव्या दोऱ्यांच्या लच्छ्यांतून माझ्यावर एक मोर हळूहळू उमटला. उलट्या बाजूला एकही गाठ दिसू द्यायची नाही, हा तिचा हट्ट. एक पीस चुकले म्हणून तिने आठ दिवसांचे काम उसवले. मी पुरा झालो त्या दिवशी तिने मला दोन्ही बाजूंनी पाहिले आणि ती एकटीच हसली. त्या घरात तिचे म्हणावे असे तेवढेच होते.

मग तिच्या भाचीला, आशाला, पाहायला पाहुणे येणार असे ठरले. मुलीच्या हातचे काही दाखवण्याची तेव्हा रीतच होती. आशाची आई पुष्पाबाई म्हणाली, "वन्सं, आशीले तं सुई धरता येत नाही. याच्यावर तिचं नाव टाकू द्या न."

पंचफुलाने सुई ओवून आशाच्या हाती दिली. आशाने घाईघाईने कोपऱ्यात आपले नाव भरले.

पाहुणे आले. "पोरगी गुणाची दिसते," कुणीतरी म्हणाले, आणि मी फुललो. मला खोटे बोलावे लागले नाही. नुसते पसरून राहणे पुरेसे होते. त्या फुलण्याची लाज अजून माझ्या धाग्याधाग्यात आहे. मित्रांनो, कुणाचे हातकाम आवडले, तर ती शाबासकी खऱ्या हातापर्यंत पोचवा. मी ती वाटेतच गिळली.

मुलाच्या आईने, झुंबरबाईंनी, मला उचलून उलटे केले. मोराची पाठ त्याच्या पोटासारखीच नितळ होती. नावाच्या पाठीवर मात्र गाठी आणि लोंबते धागे.

"मोर भरता भरता पोरीचा हात थकला वाट्टे!" त्या हसल्या. "कोनं भरला हा?"

"आमच्या आशीनंच, इहीनबाई," पुष्पाबाई पुटपुटली.

आशाने मान वर केली नाही. बशीतला चहा तसाच निवू लागला.

झुंबरबाईंची नजर फिरत फिरत दाराशी उभ्या पंचफुलावर, तिच्या सुईने टोचलेल्या बोटांवर थांबली. "तुमी सांगा, बाई. मोर कोनाचा?"

खरे सांगावे, तर आशाची सोयरीक मोडणार होती. खोटे सांगावे, तर मी कायमचा परका होणार होतो. मला ओरडावेसे वाटले. पण रुमालाला घडीपलीकडे काय येते?

पंचफुला पुढे आली. तिने एकेक कपबशी उचलून ताटात ठेवली. मला तिने हात लावला नाही; मोर ना आपला म्हटला, ना आशाचा. ताट घेऊन, कुणाकडेही न पाहता, ती आत निघून गेली.