हागर आत्याला पास नको होता

आमच्या हागर आत्याचा हट्ट असा, की एकदा नाही म्हटलं की देवानं खाली उतरून विनवणी केली तरी नाहीच. त्या हट्टापायी तिनं नवरा सोडला, एका गोऱ्या डॉक्टराशी जन्मभर अबोला धरला, आणि त्याच हट्टापायी कित्येक वर्षं ती आपल्या पोराच्या कबरीकडे फिरकली नाही. नवरा आणि डॉक्टर दोघेही त्याच लायकीचे होते, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण तिसऱ्या हट्टानं तिचा जीव घेतला. लोक म्हणतात हृदय थकलं होतं. मी तिच्या शेजारी बसले होते, मला माहीत आहे.

पोराचं नाव एझ्रा. बेटावर त्याला सगळे कूटा म्हणत, कासव, कारण तो सगळीकडे उशिरा पोचायचा. सहाव्या वर्षी तापानं गेला. खाडीकाठच्या आमच्या दफनभूमीत आत्यानं त्याला ठेवला. आमच्यात कबरीवर दगड लावत नाहीत. माणसानं शेवटी ज्या वस्तूंना हात लावला त्या वर ठेवायच्या: कप, बशी, दिव्याची काच, औषधाची बाटली. ठेवायच्या त्या फोडून, म्हणजे मरणाची साखळी तिथंच तुटते आणि घरातलं दुसरं कुणी मागोमाग जात नाही. कूटाच्या कबरीवर त्याचा निळा पत्र्याचा मग होता, बुडाला आत्यानं खिळ्यानं भोक पाडलेला. दर शनिवारी आत्या तिथं जायची, वाळू झाडायची, तो निळा मग सरळ करून ठेवायची आणि आठवड्याच्या बातम्या त्याला सांगून यायची. पोरगा असता तर माझ्याहून मोठा असता, पण ती त्याच्याशी सहा वर्षांच्या पोराशी बोलावं तसंच बोलायची.

मग बेटावर पूल आला आणि पुलावरून कंपनी आली. आमच्या पणजोबांनी गुलामी संपल्यावर पै-पै जोडून घेतलेली जमीन कुणी कराच्या थकबाकीत घालवली, कुणी विकली. खाडीकडचं सगळं टोक कंपनीनं घेतलं, तिथं गोल्फचं मैदान केलं, बंगले बांधले, भोवती कुंपण घातलं आणि फाटकावर सोनेरी अक्षरांत नाव लावलं. नावाच्या शेवटी 'प्लँटेशन' असा शब्द. ज्या मळ्यांवर आमची माणसं गुलाम म्हणून राबली त्यांचा हा शब्द, त्यांना तो छान वाटतो. दफनभूमी कोर्टानं आमचीच ठेवली, पण रस्ता त्यांच्या मैदानातून, म्हणजे फाटकातून.

पहिल्या शनिवारी आत्याला गाडीतून मीच घेऊन गेले होते. फाटकावर आमचाच मॅरियन, शेजारच्या लुसिंडाचा मुलगा, नव्या कोऱ्या गणवेशात उभा होता.

"हागर आजी, पास लागतो."

"कसला पास?"

"आत जायचा. मी देतो ना लिहून. फुकट आहे."

"मेल्या, तुझी नाळ मी कापली. पायाळू आलास, तुझ्या आईला दोन दिवस रडवलंस. तेव्हा तू बाहेर यायला पास दाखवला होतास का?"

मॅरियन हसला, मीही हसले. पण आडवा बांबू काही वर गेला नाही. मागून एका गाडीनं भोंगा वाजवला.

"आणि लिहिणार काय त्याच्यावर?" आत्यानं विचारलं.

"विशेष काही नाही. तुमचं नाव, कुणाकडे जायचंय, किती वाजता परत."

आत्याचं हसू गेलं. तिला वाढवलं होतं तिच्या आजीनं, आणि ती आजी गुलामीत जन्मलेली. आजीचा नवरा खाडीपलीकडच्या दुसऱ्या मालकाचा गुलाम. शनिवारी संध्याकाळी त्याला भेटायला जायचं तर मालकाची चिठ्ठी लागायची: कोण, कुणाकडे, परत कधी. एकदा होडीत चिठ्ठी भिजली, अक्षरं पुसली, आणि गस्तवाल्यांनी तिला झाडाला बांधून फोडून काढली. ती पाठ आत्यानं लहानपणी स्वतः चोळली होती, तेल लावून.

"बिना, गाडी वळव," आत्या म्हणाली.

ती तेवढ्यावर थांबली नाही. रविवारी प्रार्थनाघरात उभी राहिली आणि सगळ्यांना म्हणाली, "आपल्या मेलेल्यांना भेटायला गोऱ्याची चिठ्ठी घेणारा माणूस माझ्या घरी पाणी प्यायला येऊ नये." बेटावरची अर्धी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. लोकांनी ऐकलं. नवीन मेलेल्यांना हमरस्त्यालगतच्या चर्चच्या आवारात पुरायला लागले. मला तेव्हा तिचं पटलं होतं आणि आजही पटतं, तेच तर दुखणं आहे.

मागच्या वर्षी तिला दोनदा घेरी आली. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं आणि ते तिनं दाराआडून ऐकलं. घरी येऊन ती ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसली.

"मला कूटाच्या शेजारी ठेव," ती म्हणाली.

"ठेवते की. पण जागा तुलाच माहीत. बाकी सगळे गेले."

"म्हणून तर म्हणते, एकदा चल. दाखवते."

"आत्या, पास?"

टोपलीतल्या सगळ्या शेंगा तिनं सोलून संपवल्या.

"तुझ्या नावानं घे," शेवटी म्हणाली. "माझं नाव त्या कागदावर नको."

शनिवारी फाटकावर मॅरियननं माझ्या नावाचं गुलाबी कार्ड लिहून गाडीच्या काचेमागे ठेवलं. इतक्या वर्षांत त्याचे केस पिकले होते. आत्याकडे त्यानं बघितलं नाही, आत्यानंही त्याच्याकडे नाही. बंगल्यांमधून, पाण्याच्या फवाऱ्यांमधून आम्ही खाडीकडे गेलो. आत्या मांडीवर हात ठेवून ताठ बसली होती, चर्चला जाताना बसायची तशी.

दफनभूमी हिरवीगार होती.

नुसतं गवत. एकसारखं कापलेलं, गोल्फच्या मैदानावर असतं तसं, पार खाडीच्या कडेपर्यंत. कप नाही, काच नाही, बाटली नाही. उंचवटासुद्धा नाही. मधोमध एक पांढरं बाक आणि बाकाशेजारी गुलाबाची दोन रोपं. मला वाटलं आपण रस्ता चुकलो.

तेवढ्यात गोल्फच्या छोट्या गाडीतून मिस्टर लॅथम आले. ते तिथले व्यवस्थापक. मॅरियननं त्यांना फोन केला असणार, तसा नियमच होता. टोपी काढून त्यांनी आत्याला नमस्कार केला.

"कुणीतरी आलं, बरं वाटलं," ते म्हणाले. "फार वाईट अवस्था होती हो इथली. वर्षानुवर्षं कुणी फिरकलंच नाही. लोकांनी कचरा आणून टाकला होता, फुटकी भांडी, बाटल्या, गंजके पत्रे. मेलेल्यांचा असा अपमान मला बघवेना. ट्रक भरभरून बाहेर काढला. माती सपाट केली, गवत लावलं. तुमच्याकडून एक पैसा घेणार नाही."

"कुठं टाकलंत?" आत्यानं विचारलं.

"काय?"

"फुटकी भांडी."

"मुख्य भूमीवरच्या कचरा डेपोत. का? काही मौल्यवान होतं का त्यात?"

मला त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आणि तो वाईट नव्हता, डोळ्यांत खरंच काळजी होती, त्यामुळे तर अंगाचा आणखीच तिळपापड झाला.

आत्या गवतात शिरली. खाडीच्या बाजूनं चालत गेली, थांबली, मागं वळली. पूर्वी तिथं एक ओक होता, तो वादळात पडला होता आणि कंपनीनं बुंधाही उपटून नेला होता. एका जागी तिनं पायानं चाचपून पाहिलं. "इथं," ती म्हणाली. मग मान हलवली आणि थोडी पुढे गेली. "नाही, इथं." मग आणखी डावीकडे. मी हात धरायला गेले तर तिनं झिडकारलं. गवतावरून ती अशी फिरत होती, एखादी बाई बाजारात पोर हरवल्यावर फिरते तशी, आणि लॅथम टोपी हातात धरून उभे होते.

शेवटी ती बाकावर नाही, खाली जमिनीवर बसली.

परतीच्या वाटेवर फाटक मागं पडल्यावर ती बोलली.

"मी येत राहिले असते, तर त्यांना दिसलं असतं."

"आत्या, नको."

"दर शनिवारी कुणीतरी येतं, पोराचा मग सरळ करून ठेवतं, हे दिसलं असतं. त्यांना वाटलं या मेलेल्यांना कुणी नाही. वाटणारच. मीच येऊ दिलं नाही कुणाला. सगळ्या बेटाला मी थांबवलं, बिना."

तिच्या बाजूनं बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं. फाटक कुणी बांधलं, कचरा कुणी म्हटलं, सगळं तोंडाशी आलं होतं. पण ती म्हणाली ते खोटं नव्हतं, आणि मला रडू आवरेना, म्हणून मी गाडी कडेला घेतली.

त्यानंतर ती जेवली नाही म्हटलं तरी चालेल. मी भात आणि कोळंबी करून न्यायचे, ती घास चिवडून ताट सरकवायची. एका दुपारी मी भीत भीत विचारलं, "मग आता हमरस्त्यापाशी, चर्चच्या आवारात ठेवू का?"

"डोकं फिरलंय का तुझं? कूटा तिकडे आहे का?"

"पण जागा सापडत नाही ना."

"त्या गवताखाली कुठंतरी आहेच ना तो? मग मला तिथंच ठेव. कुठंही. आणि ऐक, मला नेशील तेव्हा माझ्या गाडीला तो गुलाबी कागद लावलास तर मी उठून बसेन."

हेच तिचं शेवटचं धड बोलणं. त्या महिन्यातच गेली.

प्रेतयात्रेसाठी कंपनीनं पास पाठवले, गाडीमागे एक, सोबत शोक व्यक्त करणारं कार्ड. मी सगळ्यांना वाटले. शववाहिकेचा तेवढा घरी ठेवला. फाटकावर शववाहिका सगळ्यात पुढे, तिच्यात चालकाशेजारी मी.

"मावशी, या गाडीचा पास?" मॅरियननं विचारलं.

"नाही."

"विसरलात का? मी दुसरा लिहून देतो."

"नको. तिनं सांगितलंय."

त्यानं मागं बघितलं. आमच्या गाड्यांच्या मागं बंगलेवाल्यांच्या गाड्या साचायला लागल्या होत्या. कुणीतरी भोंगा वाजवला.

"मावशी, पासाशिवाय गाडी सोडली तर माझी नोकरी जाईल. तीन पोरं आहेत मला."

"माहीत आहे रे. तिघांच्याही वेळी आत्याच होती."

"मग कशाला मला अडचणीत घालता?"

"मी घालत नाही. तिला सांग, ती मागं झोपली आहे."

हे मी बोलायला नको होतं. त्यानं शववाहिकेच्या काचेतून आत पाहिलं, बराच वेळ. मग टोपी काढून काखेत धरली आणि बांबू वर केला. सोमवारी त्याला काढून टाकलं. आता तो पहाटे पूल ओलांडून मुख्य भूमीवर कोंबड्यांच्या कारखान्यात जातो, आणि लुसिंडा मला रस्त्यात दिसली की तोंड फिरवते.

खड्डा आबेल खणत होता, बेटावरच्या कबरी तोच खणतो. कंबरेएवढा गेला आणि फावडं लाकडाला लागलं. आम्ही सगळे पुढे झालो. मला वाटलं, कूटा सापडला. आबेलनं हातानं वाळू बाजूला केली. हाडं मोठी होती, एका उंच माणसाची. कुणाचा बाप, कुणाचा नवरा, सांगायला वर आता काहीच नव्हतं. आबेलनं त्याची माफी मागितली, वाळू परत लोटली आणि दहा पावलं सरकून दुसरा खड्डा घेतला. तिथं नुसती वाळू निघाली, आणि खाली पाणी. आत्याला तिथंच ठेवली. माझ्या तान्ह्या नातीला शवपेटीवरून या हातातून त्या हातात दिली, आत्यानं तिला मागं लागून नेऊ नये म्हणून. मग मी आत्याचा कॉफीचा कप आणि बशी फोडून वर ठेवली. लॅथमनी निरोप पाठवला होता, की फुलं चालतील, पण भांडी नकोत, गवत कापायच्या यंत्राची पाती तुटतात.

पुढच्या रविवारी फाटकावर नवा माणूस होता, मुख्य भूमीवरचा, गोरा, पोरगेलासा.

"नाव?"

मी सांगितलं.

"कुणाकडे जायचंय?"

"आत्याकडे."

"परत किती वाजता?"

"तास लागेल."

त्यानं लिहिलं, मी कार्ड घेतलं आणि काचेमागे ठेवलं. खाडीकाठी गेले तर कप नव्हता, बशी नव्हती, ताज्या मातीवर गवताची गादी आणून पसरलेली. सांधे अजून दिसत होते. मी गुडघे टेकून ती गादी हातांनी उचकटली, गुंडाळून बाकावर ठेवली आणि घरून आणलेली बशी फोडून परत मांडली.

तेव्हापासून दर रविवारी हेच. ते उचलतात, मी मांडते. माझ्या घरातल्या बश्या संपल्या, आता शेजारणी देतात. त्यांतल्या दोघी परवा माझ्याबरोबर आत आल्या, आपापल्या नावाचे पास घेऊन. फाटकावरचा पोरगा हल्ली काही विचारत नाही, मला बघितलं की लिहायला घेतो, आणि मी खिडकीतून हात पुढे करते. आत्या जिवंत असती तर तिनं मला पाणीसुद्धा विचारलं नसतं.