कोवळ्या स्लॅबवरचं पाणी

तांडा जागा व्हायच्या आत मिना नव्या स्लॅबवर चढलेली असायची. वर मातीचे बांध घालून तिनं वाफे पाडले होते, हळदीच्या रानात पाडतात तसे, आणि पाईप धरून ती एकेक वाफा काठोकाठ भरायची. खालून पुजा विचारायची, "वहिनी, भात लावला का वर?" मिना पदर तोंडाशी धरून हसायची, आणि हसून झालं की कोणी बघितलं तर नाही ना, म्हणून खाली डोकवायची. नवरा गेलेल्या बाईनं किती हसावं, ते तांड्यावर दुसरेच ठरवतात.

आखाडा बाळापूरच्या अलीकडं, डांबरी रस्ता सोडून आत, हा तांडा. पुजा ही नेमसिंगची धाकटी लेक. शाळेत मास्तरशी भांडली, दप्तर तिथंच टाकून घरी आली, ती पुन्हा गेलीच नाही. तोंडानं तिखट, नजरेनं त्याहून तिखट. मिना तिच्या थोरल्या भावाची, अमरसिंगची बायको.

अमरसिंग साखर कारखान्याची राख ट्रॅक्टरनं वाहायचा. उसाची चिपाडं बॉयलरात जळतात, त्यांची राख कारखाना ओढ्याकाठी फेकून द्यायचा. बाळापूरच्या जमील मिस्त्रीनं त्याला शिकवलं की हीच राख चाळून, दळून पिठासारखी केली आणि थोडं सिमेंट कमी करून तिच्या जागी घातली, तर काँक्रीट साध्यापेक्षा जबर होतं. दोघांनी मिळून वारंगा फाट्यावरच्या दुकानांचे खांब त्याच मालात उभे केले होते. मंग एक दिवस ट्रॅक्टर उलटला आणि अमरसिंग राखेखाली गेला. मिनाच्या बांगड्या फुटल्या, कपाळ पुसलं गेलं, आणि चाळणी तेवढी तिच्या हातात राहिली. राख चाळायला तिला कोणी अडवलं नाही. कामाला अपशकुन होत नसतो.

पुजाचं लग्न गोरेगावच्या मुलाशी ठरलं तेव्हा नेमसिंगनं पत्र्याच्या घराला लागून मोठी खोली काढली. माल राखेचाच. स्लॅब ओतला त्या दिवशी जमीलनं त्याच मालाचे ठोकळे लोखंडी साच्यात पाडून ठेवले, पुढं नांदेडला तपासायला न्यायचे म्हणून. मिनानं ते हौदात बुडवून ठेवले. जाताना जमीलनं सगळ्यांना बसवून सांगितलं, "देखो, ये राखेचं लेकरू उशिरा चालतं. बाकीच्यांचे टेकू निघाले म्हणून याचे काढायचे न्हाई. पाणी तुटू देऊ नका, आणि मी येईपर्यंत टेकूच्या एका बल्लीला हात लावायचा न्हाई. एकदा चाललं ना, मंग यावर ट्रक चढवा." सगळे हसले. मिना हसली नाही, तिनं ते मनात धरलं.

हळद जवळ आली तसं घर पाव्हण्यांनी भरलं. पुजाची काकी पारुबाई म्हणजे तांड्यातली मानाची सवाष्ण. कोणाच्याही लग्नात पहिली हळद तिच्या हातची. मनगटापासून वर चढलेल्या बांगड्या वाजवत ती आली आणि अंगणातच थांबली. वर मिना पाणी घालत होती. वाफ्यातून झिरपलेला एक थेंब स्लॅबच्या कडेवरून पारुबाईच्या खांद्यावर पडला.

तिनं आरडाओरड केली नाही. पुजाच्या आईला, भिकाबाईला बाजूला घेतलं आणि सावकाश समजावलं की याच छपराखाली पोरगी हळदीला बसणार, आणि डोक्यावरून रांडव बाईच्या हातचं पाणी गळून राहिलं, हे बरं दिसत नाही. पोरीचं कपाळ बघा म्हणाली. भिकाबाई घाबरली. एक लेक गमावलेली आई कशालाही घाबरते. तिनं मिनाला खाली बोलवलं, पाईप हातातून घेतला आणि लग्न होईपर्यंत शेळ्यांकडं थांब म्हणून सांगितलं.

पुजाला हे कळलं तेव्हा ती आतून ताडकन आली.

"त्या छपरात राख चालते तुमाला, आन् राख चाळणारी चालत न्हाई व्हय?"

"नवरीनं एवढं बोलू नये गं," पारुबाई म्हणाली. "सासरी जाऊन काय दिवे लावशील?"

"मंग पाणी मी घालते."

तेही जमेना. हळद लागायची नवरी उन्हात गच्चीवर चढली तर लोक काय म्हणतील. भिकाबाईनं पोरांना सांगितलं, पोरांनी हो म्हटलं, आणि पाण्याची मोटार मांडवाचं अंगण भिजवायला गेली. वैशाखाचं ऊन. वाफे आधी ओले काळे दिसायचे, मंग करडे झाले, मंग पांढरे. बांधांची माती तडकून पापडासारखी उचलली. मिना शेळ्यांच्या गोठ्यातून वर बघत बसायची. एकदा ती कळशी घेऊन निघाली, तर पारुबाईनं नुसतं बघितलं. मिना तशीच मागं फिरली.

हळदीच्या सकाळी नेमसिंगच्या लक्षात आलं की खोलीत पाव्हणे बसायला जागाच नाही, आत बल्ल्यांचं रान उभं आहे. त्यानं भावाला, लखमाला हाक मारली. लखमा सेंट्रिंगचंच काम करायचा, पारुबाईचा नवरा. तो मान खाजवत म्हणाला की जमीलभाईनं न्हाई म्हणून सांगितलंय. नेमसिंग म्हणाला, बाळापुरात सगळ्यांचे टेकू एवढ्याच दिवसांत निघतात, आपलाच स्लॅब काय नवाबाचा आहे का.

अंगाला हळद लागलेली पुजा पत्र्याच्या घराच्या उंबऱ्यात आली. तिनं जमीलला फोन लावला, सगळं सांगितलं आणि फोन बापाच्या कानाला धरला. पलीकडून जमीलचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, पाणी तुटलंय तर बिलकूल हात लावू नका, मी निघालोच. नेमसिंगनं फोन बंद केला.

"घर आमचं हाय का त्याचं?"

लखमा अजून उभाच होता. पारुबाई चार बायांच्या देखत म्हणाली, "ह्यांना भीती वाटून राहिली. बांगड्या देऊ का माझ्या?"

बाया हसल्या. लखमा हातोडी घेऊन आत गेला.

पहिल्या बल्ल्या निघाल्या. पुजा मोजत नव्हती, फक्त ठोक्यांचा आवाज ऐकत होती. मंग ठोका चुकल्यासारखा आवाज आला, आणि त्यामागून असा आवाज आला की सनई थांबली. दारातून धुळीचा लोट बाहेर आला. पुजाच्या हळदीवर धूळ बसली आणि तिचं अंग करडं झालं.

लखमाला काढायला दुपार गेली. जमील आला तो थेट ढिगाऱ्यावर चढला, हातानं तुकडे उचलत राहिला.

तांड्याला कारण लागतं. ते दुसऱ्या दिवशी तयार झालं. राख मेलेल्या नवऱ्याची, हात रांडवेचे, छप्पर पडणार नाही तर काय. भिकाबाईही तेच म्हणाली. गोरेगावहून निरोप आला की लग्न सुतक फिटल्यावर करू, पण त्या बाईला आधी माहेरी पाठवा.

आणि मंग पारुबाईच्या बांगड्या फोडायचा दिवस आला. तिला अंगणात बसवलं. तिच्या कडेनं बाया. तांड्यातली सगळ्यात म्हातारी बाई ओढ्यातला गुळगुळीत गोटा घेऊन पुढं सरकली. हाच गोटा मिनाच्या वेळी होता. तेव्हा मिनाचा हात पारुबाईनं दाबून धरला होता.

पारुबाईनं दोन्ही हात पदराखाली ओढले. "थांबा जरा," ती म्हणाली. कोणी थांबलं नाही. एकीनं तिचं मनगट बाहेर काढलं.

पुजा उठली. म्हातारीच्या हातातून तिनं गोटा काढून घेतला. हौदात हात घालून जमीलचा एक ठोकळा बाहेर आणला, ढिगाऱ्यातला एक तुकडा आणला, आणि बायांच्या मधोमध दोन्ही ठेवले. पहिल्यांदा गोटा ठोकळ्यावर मारला. पुन्हा मारला. गोट्याचीच कपची उडाली. मंग तुकड्यावर मारला. तुकड्याचा चुरा झाला.

"माल एकच हाय," ती म्हणाली. "राख एकच, हात बी तेच. हा वहिनीनं पाण्यात ठेवला. त्याचं पाणी आपुन तोडलं, आन् वरून टेकू बी काढले. काकाला तिच्या सावलीनं न्हाई मारलं. आपुन मारलं."

नेमसिंग खाटेवर बसला होता. त्यानं पोरीकडं बघितलं नाही. दोघी-तिघी बाया उठून निघून गेल्या. म्हातारी तिथंच बसून राहिली, हात पुढं करून, गोटा परत मिळेल म्हणून.

पारुबाईनं गोठ्याकडं बघितलं. मिना दारात उभी होती.

"पाणी बंद केलं तवा तू काहून न्हाई भांडलीस माझ्याशी?" पारुबाईनं विचारलं.

मिना म्हणाली, "माझ्या बांगड्या फुटल्या तवाच माझा आवाज गेला, काकी. या घरात तो कोनाला ऐकू येत न्हाई."

पारुबाईनं मान खाली घातली. थोड्या वेळानं ती सरकली, आपल्या शेजारी जागा केली. मिना येऊन बसली. तिला कोणी उठवलं नाही. तिच्याशी कोणी बोललंही नाही.

गोरेगावला पुजानं स्वतः फोन केला. माझी पहिली हळद वहिनीच्या आणि काकीच्या हातची लागेल, चालत असेल तर तारीख कळवा, असं सांगितलं. अजून तारीख आलेली नाही. भिकाबाई रोज तिला शिव्या देते आणि रोज फोनकडं बघते.

पावसाळा संपल्यावर जमीलनं खोलीचा पाया पुन्हा भरला. माल राखेचाच. मिश्रण फिरत होतं तेव्हा पुजानं ओढणीच्या गाठीतून तो गोटा काढला आणि आत टाकला. एकदा गरगरला, दिसेनासा झाला. मिना पाईप घेऊन उभी होती. माल घट्ट झाला तसं तिनं पाणी सोडलं. पलीकडून पारुबाईनं मातीचा बांध घातला. तिच्या हातात बांगड्या होत्या, आणि रस्त्यानं जाणाऱ्या बाया त्या बांगड्यांकडं बघत पुढं जात होत्या.

एक गोटा पायाच्या मालात गेला. पण ओढ्याला गोटे काय कमी आहेत? पुढच्या वेळी कोणाच्या तरी दारात बाया जमतील, एखादी वाकून गोटा उचलेल. त्या अंगणात तुम्हीही बसलेले असाल.