पोळ्याचं आवतन मिळालेली सायकल

मी एक जुनी सायकल आहे. कोणत्या कंपनीची, ते मात्र विचारू नका मित्रांनो. सांगाडा एका घरचा, हँडल दुसऱ्या घरचं, आणि सीट कोणाची ते मला जोडणाऱ्या सौंसरच्या मिस्त्रीलाही आठवत नव्हतं. स्वस्तातली म्हणून वामनरावांनी मला घेतलं. ब्रेक नव्हते. उतार आला की ते जमिनीवर चप्पल घासत. पांढुर्ण्याला घरी पोचलो तेव्हा मी धड होते, चप्पल गेली होती.

त्यांच्या बायकोने, कुसुमबाईने, मला वरून खाली न्याहाळलं. "सायकल आणली का सापळा?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

वामनराव माझ्यावरून कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जात. रुईच्या धुळीने त्यांना दमा लागला आणि त्यांनी खाट धरली. मी भिंतीला टेकून गंजत होते. मग एक दिवस कुसुमबाईने लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि माझ्या दांड्याखालून पाय घालून कैची शिकायला लागली. गल्ली हसली. ती पडली, उठली, हसणाऱ्यांच्या सात पिढ्या काढल्या आणि पुन्हा चढली. पुढे जिनिंगच्या माणसांचे जेवणाचे डबे तिने माझ्याच कॅरिअरवर पोचवले. परतताना त्याच कॅरिअरवर शाळेतून तिचा देवीदास येई. मी कुरकुरले की म्हणे, "चाल व माय, मी कुठी कुरकुरून राहिली?"

तो देवीदास मोठा झाला, नोकरीला लागला आणि त्याने लूना आणली. लूना ओसरीवर आली, मी न्हाणीमागे गेले. कोणी माझ्यावर गोवऱ्या रचल्या. मित्रांनो, गंजाचं दुःख नसतं, गोवऱ्यांचं असतं.

एका रात्री जेवताना तो आईला म्हणाला की पोळ्याला सुट्टी आहे, त्या दिवशी भंगारवाल्या चिंधूला बोलावलं आहे. मी सगळं ऐकलं. कुसुमबाईने त्याच्या ताटात आणखी एक भाकर वाढली. त्या भाकरीचं मला फार लागलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद-तूप लावतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. आमच्या घरी बैल कुठला? पण सांज झाली तशी कुसुमबाई वाटी घेऊन न्हाणीमागे आली. गोवऱ्या फेकल्या. माझा खांदा कुठे, म्हणून क्षणभर थबकली. मग जिथे डबे टांगायची, त्या कॅरिअरला तिने हळद-तूप चोळलं आणि म्हणाली, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

सकाळी मला मुंग्या लागल्या होत्या, पण हँडलला झेंडूची माळही होती. चिंधू हातगाडी घेऊन दारात आला.

"आवतन देल्ली पाव्हणी हाय ते," कुसुमबाई म्हणाली. "तिले भंगारात नेतं का रे?"

देवीदास शरमला. "आई, लोक हसून राहिले."

"हसू दे. मी कैची शिकली तवाबी हसले. तुले शाळेतून घरी हसणाऱ्यायनं नाही आणलं, हिनं आणलं."

चिंधूने कॅरिअरवरची हळद पाहिली आणि हात मागे घेतला. आवतन झालेल्या जनावराला कोणी हात लावत नाही. तरी जाता जाता त्याने विचारलं, "मंग उद्या येऊ का, बाई?"

"उद्या गोटमार हाय. हिच्यासाठी आला, त गोटे खायाले नदीवर जायची गरज नाही. इथंच सुरू करीन."

चिंधू पुरणपोळी खाऊन, वर पोळ्याचा बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे, घेऊन, रिकामी गाडी ढकलत गेला.

पुढच्या वर्षी कुसुमबाईच्या गुडघ्यांनी दगा दिला. खांदशेकणीची सांज झाली, पण तिला उठवेना. मी वाट पाहत होते. तेवढ्यात वाटी घेऊन देवीदास आला. माझ्याभोवती फिरला, खाली वाकला, आणि तिथूनच ओरडला, "आई, हिचा खांदा कुठी असते व?"

मित्रांनो, तुमच्या घरी बैल नसेल. पण तुमचं ओझं कोणीतरी वाहिलं असेलच. त्याचा खांदा कुठे आहे, ते विचारून ठेवा. सांगणारं माणूस घरात आहे तोवर विचारा.